अख्खा मेंदू की नेमकी गाठ? दोन उपचारांच्या तुलनेची चिकित्सा

खेड्यात कोणाला मोठा आजार झाला, की दवाखान्याचे कागद घेऊन माणसे शाळेत येतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शिक्षकांना हे नवे नाही. मुंबईहून आणलेली फाइल टेबलावर ठेवून एखाद्या विद्यार्थ्याचे वडील किंवा काका म्हणतात, "गुरुजी, यात काय लिहिलंय तेवढं सांगा." फाइलीत फुफ्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचे निदान असते, मेंदूच्या एमआरआयचा अहवाल असतो आणि शेवटी डॉक्टरांच्या अक्षरात एक-दोन आखूड नोंदी असतात. कोठे 'डब्ल्यूबीआरटी' असे लिहिलेले असते, तर कोठे 'एसआरएस'. पहिल्याचा अर्थ संपूर्ण मेंदूला किरणोपचार. दुसऱ्याचा अर्थ फक्त गाठीवर नेमका, एकवटलेला किरणोपचार. अर्थ सांगून झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग यातलं चांगलं कुठलं?"

या प्रश्नावर गेली ३०-३५ वर्षे जगभर प्रयोग झाले आहेत. त्यांचे सार वर्तमानपत्रांतून एका ओळीत छापून येते: नेमका उपचार आधुनिक आणि चांगला, संपूर्ण मेंदूचा उपचार जुना आणि वाईट. हे सार खोटे नाही, पण अपुरे आहे. म्हणून या लेखात आपण उपचारांबरोबरच त्यांच्या तुलनेचीही तपासणी करणार आहोत. तुलना कोणत्या रुग्णांत झाली, काय मोजले गेले आणि काय मोजायचे राहिले, हे पाहिल्याशिवाय 'अधिक चांगला' या शब्दांना नक्की अर्थ येत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही गोष्ट पटायला हरकत नसावी.

गाठी येतात कोठून?

मेंदूत दिसणारी प्रत्येक गाठ मेंदूतच जन्मलेली नसते. दुसऱ्या अवयवातल्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून वाहत येतात, मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तेथे वाढू लागतात. अशा गाठींना दुय्यम गाठी म्हणतात. मेंदूतला करडा भाग आणि पांढरा भाग जेथे मिळतात तेथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात, म्हणून या गाठी बहुधा त्या सीमेवर आढळतात. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड आणि त्वचेचा मेलॅनोमा हे कर्करोग मेंदूत विशेष पसरतात. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग फार आढळतो. तो मानेतल्या गाठींत पसरतो, पण मेंदूत क्वचितच जातो.

डोकेदुखी, उलट्या, फिट येणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे ही दुय्यम गाठींची लक्षणे. त्यांतला बराच त्रास गाठीभोवतीच्या सुजेमुळे होतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ती सूज एक-दोन दिवसांत उतरवू लागते. हे औषध स्वस्त आहे आणि ते लक्षात ठेवायला हवे. पुढे एका महत्त्वाच्या प्रयोगात त्याची गाठ पडणार आहे.

शेक नावाचा, उष्णता नाही

आपल्याकडे किरणोपचाराला 'शेक देणे' किंवा 'लाइट देणे' म्हणतात. त्यामुळे गाठ उष्णतेने जाळली जाते असा समज होतो. थोडे गणित केले तर तो दूर होईल.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. १ किलोग्रॅम पदार्थाने १ ज्यूल ऊर्जा शोषली, की ती मात्रा १ ग्रे. संपूर्ण मेंदूला साधारणपणे ३० ग्रे मात्रा १० हप्त्यांत, किंवा २० ग्रे मात्रा ५ हप्त्यांत देतात. मेंदूचे वजन १.४ किलोग्रॅम धरले, तर ३० ग्रे म्हणजे एकूण ४२ ज्यूल, सुमारे १० कॅलरी. एवढ्या उष्णतेने १० ग्रॅम पाण्याचे तापमान फक्त १ अंशाने वाढेल. सगळी मात्रा एकदम दिली असे मानले तरी मेंदूचे तापमान ०.००७ अंश सेल्सिअसने वाढेल. गरम चहाचा एक घोट याच्या वीसपट उष्णता शरीराला देतो. मग पेशी मरतात कशा? किरणांची ऊर्जा पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांवर नेमकी आदळते आणि ते तोडते. तुटलेला धागा निरोगी पेशी बऱ्याच अंशी दुरुस्त करते, कर्करोगाची पेशी तितक्या नीट करू शकत नाही. मात्रा हप्त्यांनी देण्यामागे हेच कारण आहे: दोन हप्त्यांमधल्या वेळात निरोगी पेशींना दुरुस्तीची सवड मिळते.

संपूर्ण मेंदूच्या उपचारात कवटीच्या दोन्ही बाजूंनी किरण सोडतात. दिसलेल्या गाठींबरोबर न दिसलेल्या सूक्ष्म गाठींवरही मारा होतो. हा उपचार १९५० च्या दशकापासून चालत आला आहे आणि साध्या कोबाल्ट यंत्रावरही देता येतो. अशी यंत्रे आता आपल्याकडे बनतात; तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे त्यांतलेच.

नेमक्या उपचाराची कल्पना स्वीडनचे मेंदू-शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडली. त्यांचे 'गॅमा नाइफ' हे यंत्र १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये वापरात आले. आजच्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. प्रत्येक किरणशलाका एकटी दुबळी असते. सगळ्या शलाका एकाच बिंदूत मिळतात, तेथे मात्रा प्रचंड होते आणि काही मिलिमीटर बाहेर ती झपाट्याने उतरते. अनेक विजेऱ्यांचे झोत एका बिंदूवर टाकल्यासारखा हा प्रकार आहे. रेखीय त्वरक, म्हणजे लिनॅक, रुग्णाभोवती फिरवूनही हेच साधता येते. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात १९९० च्या दशकात गॅमा नाइफ आले. या उपचारात 'नाइफ' असला तरी चाकू नसतो आणि काम बहुधा एका दिवसात संपते.

येथे तुलनेतला पहिला खड्डा आहे. नेमक्या उपचारात लहान गाठीला एका वेळी सुमारे २० ग्रे देतात. संपूर्ण मेंदूला ३० ग्रे. मग २० ही मात्रा ३० पेक्षा सौम्य का? मुळीच नाही. हप्त्यांचा परिणाम धरण्यासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात: एकूण मात्रा × (१ + एका हप्त्याची मात्रा ÷ क). कर्करोगाच्या गाठीसाठी 'क' सुमारे १० आणि मेंदूवरच्या उशिरा दिसणाऱ्या इजेसाठी सुमारे २ धरतात. गाठीच्या बाबतीत ३ ग्रेच्या १० हप्त्यांचे उत्तर ३९ येते, तर एकदम दिलेल्या २० ग्रेचे ६०. मेंदूच्या इजेसाठी हीच उत्तरे ७५ आणि २२० येतात. मोठ्या मात्रेसाठी हे सूत्र फार काटेकोर नाही, पण दोन गोष्टी त्यातून स्पष्ट होतात. नेमका उपचार गाठीवर अधिक कठोर असतो. आणि तो निरोगी मेंदूवर पडू दिला तर इजाही मोठी होते. काही रुग्णांत उपचारानंतर काही महिन्यांनी गाठीच्या जागचा भाग मृत होऊन सुजतो. एमआरआयमध्ये तो पुन्हा वाढलेल्या गाठीसारखाच दिसतो आणि डॉक्टरांनाही पेचात टाकतो.

मापे बदलली, उत्तरे बदलली

आता प्रयोगांकडे वळू. १९९० मध्ये अमेरिकेत पॅचेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूत एकच गाठ असलेल्या ४८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त संपूर्ण मेंदूचा किरणोपचार दिला. दुसऱ्या गटाची गाठ आधी शस्त्रक्रियेने काढली. पहिल्या गटाचे मध्यम आयुष्य १५ आठवडे, दुसऱ्याचे ४० आठवडे निघाले. गाठीवर थेट काम केल्याने फरक पडतो हे दिसले. याच प्रयोगात आपल्या दृष्टीने आणखी मोलाची एक गोष्ट निघाली. आधी निवडलेल्या ५४ रुग्णांपैकी ६ जणांची गाठ तपासली तेव्हा ती पसरलेल्या कर्करोगाची नव्हतीच. कोणाला वेगळा अर्बुद होता, तर कोणाला जंतुसंसर्ग किंवा दाह. क्षयाची किंवा फीतकृमीच्या अळीची गाठही स्कॅनमध्ये अशीच दिसू शकते. क्षय इतका पसरलेल्या आपल्या मुलखात 'कोणता उपचार?' याच्या आधी 'गाठ नक्की कसली?' हा प्रश्न विचारायला हवा.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या ३३१ रुग्णांच्या प्रयोगात संपूर्ण मेंदूच्या उपचाराला नेमक्या उपचाराची जोड दिली. एकच गाठ असलेल्यांचे मध्यम आयुष्य ४.९ महिन्यांवरून ६.५ महिन्यांवर गेले. मग प्रश्न उलटा झाला: नेमका उपचार दिल्यावर संपूर्ण मेंदूच्या उपचाराची गरजच काय?

जपानमध्ये आओयामा यांनी २००६ मध्ये याचे उत्तर दिले. १ ते ४ गाठी असलेल्या १३२ रुग्णांत दोन्ही उपचार मिळालेल्यांचे मध्यम आयुष्य ७.५ महिने निघाले, फक्त नेमका उपचार मिळालेल्यांचे ८ महिने. हा फरक नसल्यातच जमा. पण वर्षभरात मेंदूत पुन्हा गाठ येण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४६.८ टक्के, तर दुसऱ्यात ७६.४ टक्के होते. आता विजेता कोण? आयुष्य मोजले तर बरोबरी; मेंदूतला रोग मोजला तर संपूर्ण मेंदूचा उपचार पुढे. २०११ मध्ये युरोपातल्या ३५९ रुग्णांच्या प्रयोगातही हेच दिसले: आयुष्य १०.९ आणि १०.७ महिने. याचे कारण असे, की यांतले बरेच रुग्ण मेंदूतल्या गाठींमुळे न दगावता शरीरात इतरत्र पसरलेल्या रोगाने दगावतात.

नंतर तिसरे माप आले: स्मरणशक्ती. चँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये रुग्णांना १२ शब्दांची यादी वाचून दाखवून ते शब्द किती आठवतात हे पाहिले. ४ महिन्यांनी स्मरण घटण्याची शक्यता संपूर्ण मेंदूचा उपचार जोडलेल्या गटात ५२ टक्के, तर फक्त नेमक्या उपचाराच्या गटात २४ टक्के निघाली. प्रयोग मध्येच थांबवला गेला आणि निकाल गाजला. तो चिकित्सकपणे वाचला तर काही शंका येतात. रुग्ण फक्त ५८ होते. पहिल्या गटाचे मध्यम आयुष्य ५.७ महिने आणि दुसऱ्याचे १५.२ महिने होते. म्हणजे ४ महिन्यांच्या परीक्षेला पहिल्या गटातले अनेकजण आयुष्याच्या अखेरीला आलेले असणार. त्यांचे विसरणे किरणांमुळे किती आणि खालावलेल्या प्रकृतीमुळे किती, हे वेगळे करणे अवघड आहे.

याउलट आओयामा यांनी २००७ मध्ये आपल्याच रुग्णांची ३० गुणांची एक ढोबळ मानसिक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात गुण घसरेपर्यंतचा काळ दोन्ही उपचारांच्या गटात सरासरी १६.५ महिने आणि फक्त नेमक्या उपचाराच्या गटात ७.६ महिने आला. निष्कर्ष उलटा! कारण मेंदूत पुन्हा आलेली गाठही बुद्धी खाते. एक माप बारीक आणि लवकर घेतलेले, दुसरे जाड आणि उशिरापर्यंत घेतलेले. फूटपट्टी बदलली आणि पहिला क्रमांक बदलला.

२०१६ मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २१३ रुग्णांत अधिक काळजीपूर्वक चाचण्या घेतल्या. ३ महिन्यांनी बौद्धिक घट नेमक्या उपचाराच्या गटात ६३.५ टक्के रुग्णांत आणि दोन्ही उपचारांच्या गटात ९१.७ टक्के रुग्णांत आढळली. एवढ्या पुराव्यानंतर थोड्या गाठी असलेल्या रुग्णाला नेमका उपचार द्यावा आणि संपूर्ण मेंदूचा उपचार राखून ठेवावा, हे बहुतेक तज्ज्ञांनी मान्य केले आहे. मलाही ते योग्य वाटते. पण दोन गोष्टी विसरू नयेत. अनेक चाचण्यांपैकी एकीत जरी ठरावीक गुण कमी झाले तरी 'घट' धरली होती. म्हणून तर चांगल्या गटातही जवळजवळ दोनतृतीयांश रुग्ण 'घटले'. आणि ३ महिन्यांनी सुमारे निम्म्याच रुग्णांची परीक्षा होऊ शकली.

आणखी एक प्रश्न शिक्षकच विचारू शकतात. शब्दांच्या याद्या पाठ करण्याची सवय शाळेत लागते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या आजीची स्मरणशक्ती अशा यादीने मोजता येईल का? गाईला पाणी पाजले की नाही, नातवाला औषध किती वाजता द्यायचे, हे तिला आठवते का, ही तिची खरी परीक्षा. माप त्या माणसाच्या जगण्यातून आलेले असावे.

गाठींची संख्या की आकारमान?

बहुतेक प्रयोगांनी '१ ते ३' किंवा '१ ते ४' गाठींचेच रुग्ण घेतले. त्यावरून चारपेक्षा जास्त गाठी असल्या की संपूर्ण मेंदूचा उपचार, असा रिवाज पडला. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. प्रयोग आखणाऱ्यांनी घेतलेला आहे. वर्गात गोलाच्या घनफळाचे सूत्र शिकवताना हे उदाहरण घ्यावे. १ सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचे घनफळ सुमारे ०.५२ घन सेंटिमीटर. अशा १० गाठी मिळून ५.२. एकाच ३ सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचे घनफळ १४.१. म्हणजे एक मोठी गाठ १० लहान गाठींच्या पावणेतीनपट आहे. मेंदूचे घनफळ १,३०० घन सेंटिमीटर धरले, तर त्या १० गाठी त्याचा २५० वा भाग व्यापतात.

जपानमधल्या यामामोतो यांनी २०१४ मध्ये नेमका उपचार मिळालेल्या १,१९४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २ ते ४ गाठी असलेले आणि ५ ते १० गाठी असलेले, दोन्ही गटांचे मध्यम आयुष्य १०.८ महिनेच निघाले. मात्र हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेले नव्हते आणि त्यांच्या गाठी लहान होत्या. त्यामुळे 'कितीही गाठी असोत, नेमकाच उपचार' असा अर्थ काढणे घाईचे होईल. 'चारच्या वर नाही' हा नियमही तितकाच कच्चा आहे, एवढे मात्र नक्की म्हणता येते.

तिसरा रकाना

आतापर्यंतच्या तुलनेत दोनच रकाने होते. तिसरा रकाना भरण्याचे धाडस ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी केले. 'क्वार्ट्झ' नावाच्या त्यांच्या प्रयोगाचे निकाल २०१६ मध्ये आले. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेले आणि शस्त्रक्रिया किंवा नेमक्या उपचाराला योग्य नसलेले ५३८ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना डेक्सामेथासोन, आधाराची शुश्रूषा आणि संपूर्ण मेंदूला ५ हप्त्यांत २० ग्रे. उरलेल्यांना किरणोपचार सोडून बाकी सगळे. मध्यम आयुष्य ९.२ आणि ८.५ आठवडे आले. जगण्याचा दर्जा धरून केलेल्या हिशेबात किरणोपचाराने सरासरी ४.७ दिवसांची भर पडली.

या भरीसाठी रुग्णाला ५ दिवस रुग्णालयात जावे लागले. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की बोलायचे फारसे उरत नाही. तरीही या प्रयोगाचीही चिकित्सा हवी. यात आलेले रुग्ण आधीच खालावलेले आणि डॉक्टरांच्याच मनात उपचाराविषयी शंका असलेले होते. धडधाकट, तरुण रुग्णाला हा निष्कर्ष लावता येणार नाही. वय कमी असलेल्यांना थोडा फायदा होत असल्याच्या खुणा त्या प्रयोगातही दिसल्या. स्तनाच्या कर्करोगालाही तो जसाच्या तसा लागू नाही. पण 'काहीतरी केलेच पाहिजे' या आग्रहाला त्याने आकडा दिला, हे त्याचे श्रेय. किरणोपचार न देणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे असे होत नाही. वेदना, सूज, फिट आणि भीती यांवर नीट उपचार करणे हेही वैद्यकच आहे, आणि ते शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा घरी, आपल्या माणसांत होऊ शकते.

जे कोणी मोजले नाही

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. तानसा आणि भातसा या धरणांचे शहापूरचे पाणी मुंबईला जलवाहिनीने जाते. शहापूरच्या रुग्णाला मात्र आसनगावला येऊन कसाऱ्याची लोकल पकडावी लागते. परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. खारघरच्या केंद्रात जायचे तर ठाण्याला गाडी बदलायची. मुरबाडच्या माणसाला त्याआधी एसटीने सुमारे ३० किलोमीटरवरचे कल्याण गाठावे लागते आणि पाड्यावरच्या माणसाला त्याही आधी मुरबाड. रुग्ण एकटा जात नाही. उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून निघाला तरी सोबत्याची मजुरी बुडते ती बुडतेच. आवणीच्या दिवसांत तर घराचे वर्षच बुडते.

या अंतराचा हिशेब प्रयोगांत नाही. आणि त्यावरून आपल्याकडे एक सोपे अनुमान काढले जाते: रुग्ण लांबचा आहे, पुन्हा येईल याची खात्री नाही, तेव्हा संपूर्ण मेंदूला किरण देऊन मोकळे करा. यामागे तर्क आहे. 'फक्त नेमका उपचार' हा वास्तविक फक्त नसतो. मेंदूत पुन्हा गाठ येण्याची शक्यता मोठी असल्याने दर २-३ महिन्यांनी एमआरआय काढायचा आणि नवी गाठ दिसली तर पुन्हा उपचार करायचा, हे त्यात गृहीत आहे. प्रयोगांत ते पाळले गेले म्हणून आयुष्यात बरोबरी झाली. एमआरआय वगळला तर तो प्रयोगात तपासलेला उपचारच राहत नाही.

हे पाळणे आपल्याकडे किती अवघड आहे ते शिक्षकांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी आणि ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. हजेरीपटावर त्या महिन्यांत लागणाऱ्या गैरहजेरीच्या ओळी आपणच भरतो. 'तीन महिन्यांनी या' असे लिहिलेली चिठ्ठी त्या काळात कोणाच्या पत्त्यावर पोहोचणार?

पण म्हणून वरचे अनुमान बरोबर ठरते का? फेऱ्या मोजून पाहू. संपूर्ण मेंदूला १० हप्ते म्हणजे १० फेऱ्या, किंवा मुंबईत दोन आठवडे मुक्काम. नेमका उपचार म्हणजे तयारी धरून एक-दोन फेऱ्या आणि वर्षभरात एमआरआयच्या ४ ते ६. एकूण ५ ते ८. म्हणजे फेऱ्यांच्या संख्येत नेमका उपचार महाग पडत नाही. अडचण आहे ती त्या फेऱ्या वर्षभर विखुरलेल्या असण्याची आणि आठवण ठेवणारा कोणी नसण्याची. क्षयाच्या औषधांसाठी गावोगावी आठवण ठेवण्याची व्यवस्था आपण उभी केली आहे. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे अशा रुग्णाची तारीख दिली, एमआरआय कल्याणसारख्या जवळच्या शहरात काढला आणि चित्र मोठ्या रुग्णालयात पाठवले, तर रुग्णाच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. अंतर ही व्यवस्थेची अडचण आहे. तिची किंमत रुग्णाच्या स्मरणशक्तीतून वसूल करणे न्याय्य नाही.

संपूर्ण मेंदूचा उपचार टाकाऊ झाला आहे असे मात्र समजू नये. असंख्य गाठी असल्या, किंवा लघुपेशी प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोग असला, तर तो आजही उपयोगी पडतो. त्यातही सुधारणा झाली आहे. नव्या आठवणी जेथे साठवल्या जाऊ लागतात त्या हिप्पोकॅम्पस या भागाला वगळून किरण द्यायचे आणि जोडीला मेमँटिन हे औषध द्यायचे, अशा पद्धतीचा ५१८ रुग्णांवरचा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बौद्धिक घट होण्याचा धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाला. यासाठी मात्र साधे कोबाल्ट यंत्र पुरत नाही. किरणांना आकार देणारा लिनॅक लागतो. शिवाय काही विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगात मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या लागू पडत असतील तर किरणोपचार काही काळ पुढे ढकलता येतो. त्यासाठी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झालेली असावी लागते.

गुरुजींनी काय सांगावे?

उपचार निवडणे हे शिक्षकाचे काम नाही आणि फाइल पाहून सल्ला देणे धोक्याचे आहे. पण नातेवाइकांना नेमके प्रश्न लिहून देणे हे आपले काम होऊ शकते. वहीच्या एका पानावर पुढील प्रश्न मराठीत लिहून द्यावेत:

१. गाठी पसरलेल्या कर्करोगाच्याच आहेत हे कशावरून ठरले? क्षयाची शक्यता पाहिली का?

२. गाठी किती आहेत आणि सर्वांत मोठी केवढी?

३. मेंदू सोडून बाकी शरीरातला रोग आटोक्यात आहे का?

४. नेमका उपचार शक्य आहे का? नसेल तर कारण गाठींचे आहे की अंतराचे?

५. या रोगावर मेंदूपर्यंत पोहोचणारे औषध लागू पडेल का?

६. उपचार न घेता फक्त आधाराची शुश्रूषा घेतली तर काय फरक पडेल?

७. पुढचा एमआरआय केव्हा, कोठे, आणि त्याची आठवण कोण करून देईल?

चौथा आणि सहावा प्रश्न विचारायला माणसे बिचकतात. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांसमोर रोज शेकडो रुग्ण असतात आणि पाड्यावरून आलेला माणूस मान डोलावून बाहेर येतो. हातात लिहिलेला कागद असला तर तो कागद पुढे करता येतो आणि उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

वरिष्ठ वर्गातल्या मुलांकडून या लेखातली दोन गणिते जरूर करून घ्यावीत: ४२ ज्यूलचे आणि गाठींच्या घनफळाचे. त्यानंतर आओयामा यांच्या प्रयोगाचे आकडे फळ्यावर लिहून विचारावे, "यातला चांगला उपचार कोणता?" काही मुले एक उत्तर देतील, काही दुसरे. मग एखादी मुलगी विचारील, "सर, चांगला म्हणजे कशात?" त्या दिवशीचा तास तेथून पुढे त्या प्रश्नावरच घ्यावा.